अक्षय्य तृतीयेचे पाम

अरुंधतीबाईंना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या त्यांच्या बागेतल्या दोन पामांना थंडीने झोडपून आठवडा झाला होता आणि आज त्यांच्या गाभ्यातलं कोवळं पान, पोंगा, ओढून बघायचं होतं. हातात आलं तर झाड आतून कुजलेलं. नाही आलं तर जगलं.

त्यांच्या यजमानांनी, जयंतरावांनी, अठरा वर्षं हे पाम कुंड्यांतच ठेवले. ऑक्टोबरात तळघरात, मेमध्ये बाहेर. "जमिनीत कशाला? पुढच्या वर्षी पुण्याला जायचंय," हे त्यांचं पालुपद. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही, आणि गेल्या नोव्हेंबरात जयंतरावच गेले.

मग बाईंनी हट्ट धरला. अक्षय्य तृतीयेला लावलेलं झाड मरत नाही, तेव्हा त्याच दिवशी खड्डे खणायचे. शेजारचे लांगसाहेब कुंपणावरून ओरडले, "पंधरा मेपर्यंत थांबा! आइसहायलिगे होऊ द्या!" मेच्या मध्याला हे थंडीचे संत शेवटचा तडाखा देऊन जातात, असं इथली माणसं मानतात.

"तुमचे संत तुम्ही सांभाळा," बाई म्हणाल्या, "मुहूर्त माझा आहे."

अकरा मेला सकाळी गवत गोठलेल्या दवाने पांढरंफटक. पंचांग पुण्याचं आणि थंडी इथली, एवढी साधी गोष्ट चाळीस वर्षांत आपल्या डोक्यात शिरू नये, याचा बाईंना स्वतःचाच संताप आला.

"कुहू, तूच ओढ गं," त्या ड्युसेलडॉर्फहून आलेल्या लेकीला म्हणाल्या.

"नाइन, आई, नाही. तू लावलेस, तूच ओढ."

पहिला पोंगा अलगद हातात आला. बुडाशी काळा, आंबूस वासाचा. बाईंनी तो मातीवर ठेवला.

"माझ्या हट्टापायी गेला. त्यांनी अठरा वर्षं जपला, मी तीन आठवड्यांत मारला."

दुसऱ्याला हात लावायचा धीर होईना. त्या बागेत दोन फेऱ्या मारून आल्या, झारी भरली, तशीच ओतून टाकली. शेवटी डोळे मिटून पोंगा धरला आणि ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी.

"आई, बास! उपटशील आता!"

बाईंनी पोंगा सोडला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो," त्या जयंतरावांना म्हणाल्या, "हा काही आता पुण्याला येत नाही हो."