नोरीनचा कोला

शनिवारी धाकट्या लेकीचं लग्न, आणि बुधवारी संध्याकाळी मी बिशपच्या खोलीत बसून खोटं बोलावं की नाही याचा विचार करत होते. साठीला आलेल्या बाईवर ही वेळ यावी! शाळेच्या बसच्या दोन्ही फेऱ्या करून आले होते, पाय सुजून बुटात मावत नव्हते. घरी लाव्हार, माझा नवरा, चाकाच्या खुर्चीत एका अंगावर कलला असणार. शेजारणीला अर्ध्या तासासाठी बसवून आले होते, आणि तिचा अर्धा तास म्हणजे पंचवीस मिनिटं.

समोर टॅनर. आता त्याला बिशप म्हणायचं. आमच्यात बिशप म्हणजे गावातलाच कोणीतरी, नोकरी-धंदा सांभाळून फुकट राबणारा. हा दिवसभर टर्की कोंबड्यांचं खाद्य विकतो. पाच वर्षांचा असताना रविवारच्या वर्गात मी याचं नाक पुसलंय. कॉफी वाईट, चहा वाईट, हे यालाच घोकून घ्यायला लावलं होतं मी. आता तो टाय लावून बसला होता आणि टेबलावर त्याचा कोला होता, बादलीएवढा पेला, वर लिंबू, नारळाचा पाक.

आमच्या चर्चचं मोठं मंदिर वेगळं, टेकडीवर. त्याच्या दाखल्याचे प्रश्न ठरलेले असतात. टॅनर वाचत गेला, मी हो म्हणत गेले. मग त्याने पेल्यातून एक लांब घोट घेतला आणि विचारलं, "ज्ञानवचन समजून घेऊन पाळता ना, सिस्टर मॅडसन?" आमच्यात प्रत्येक बाई सिस्टर.

ज्ञानवचन म्हणजे दारू नको, तंबाखू नको, चहा-कॉफी नको. मूळ शब्द आहे 'कढत पेयं'. आता कढत चॉकलेट चालतं आणि बर्फ घातलेली कॉफी चालत नाही, हे कसं, ते मला विचारू नका. मी चाळीस वर्षं शिकवलं, मलाही कळलेलं नाही.

दाखला नसला तर मंदिरात पाऊल टाकता येत नाही. आणि आमची लग्नं लागतात आत. दाखला नसलेली आई बाहेर बाकावर बसते, पोरीचं लग्न लागतं, पोरगी बाहेर येते, मग आई तिला बघते. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"टॅनर," मी म्हटलं, "मी रोज सकाळी कॉफी पिते."

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या आईबद्दल काही बोलले.

"खरी कॉफी? ती भाजलेल्या धान्याची नाही?"

"खरी. काळी. दोन वर्षं झाली."

लाव्हारला झटका आला तेव्हापासून. त्याला रात्रीतून तीनदा कुशीवर वळवायचं, मग पहाटे उठून चाळीस पोरांची बस काढायची. एका सकाळी स्टेअरिंगवर माझा डोळा लागला. क्षणभरच, पण बस खडीवर उतरली. पाठीमागून एक पोरगी म्हणाली, "मिसेस मॅडसन, आपण शेतात चाललोय का?" कोणाला काही झालं नाही. मी बस थांबवली आणि पोरं मोजली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातून कॉफीचा डबा आणला, आमच्या दुकानातून आणण्याची हिंमत झाली नाही.

"अहो, पण मग कोला घ्या ना!" टॅनर अगदी कळवळून म्हणाला. "कोला चालतो की! जागं राहायच्या गोळ्यासुद्धा मिळतात. त्यालाही हरकत नाही."

"पित्ताशय काढलंय माझं. फेसाळ काही प्यायले की बसच्या ब्रेकसारखे ढेकर येतात. आणि गोळ्याच घ्यायच्या असत्या तर..." इथे मी थांबले, कारण पुढचं बोलायला लाज वाटली. पण म्हटलं, आता काय राहिलंय. "मला ती आवडते, टॅनर. सकाळची दहा मिनिटं. अख्ख्या दिवसात तेवढीच माझी असतात."

तो बिचारा चुळबुळला. मनाने चांगला आहे. म्हणाला, "असं करा. आजपासून सोडते म्हणा. मनापासून म्हणा. मी आत्ता सही करतो. कॅमरीचं लग्न आहे हो!"

पेन त्याच्या हातात होतं. माझी जीभही उचलली होती, खोटं कशाला सांगू. पण समोर तो पेला होता, आणि त्या पेल्याकडे बघता बघता मला माझी बहीण दिसायला लागली.

सोळा वर्षांपूर्वी लाव्हारच या खोलीत, याच खुर्चीत बिशप होता. थोरल्या शॉनाचं लग्न ठरलं होतं आणि नोरीन, माझी धाकटी बहीण, दाखला घ्यायला आली होती. नोरीनने जन्मात कॉफी प्यायली नव्हती. कोला मात्र प्यायची. आणि लाव्हारचं म्हणणं, त्यात कॉफीतलंच विष आहे, तोही बंद. तेव्हा आमच्याकडे असं मानणारे पुष्कळ होते. त्याने विचारलं, तिने खरं सांगितलं. दाखला नाकारला. शॉनाचं लग्न आत लागलं आणि नोरीन बाहेर बाकावर सगळ्यांचे कोट सांभाळत बसली.

पुढे काही वर्षांनी वरूनच सांगण्यात आलं की कोलाला कधी मनाई नव्हतीच. झालं! गावात जागोजागी कोलाच्या खिडक्या उघडल्या, गाड्यांच्या रांगा लागल्या. लाव्हारने ते ऐकलं, घरातला गळका नळ दुरुस्त करायला घेतला आणि त्या विषयावर पुन्हा बोलला नाही. नोरीनची माफी मागितली नाही. ती तोवर चर्चमध्ये यायची थांबली होती. मला म्हणाली होती, "कोलासाठीच हाकललंत, तर कॉफी तरी का सोडू?"

पण हे सगळं गावाला माहीत आहे. गावाला माहीत नाही ते वेगळंच. तो कोला आम्ही दोघी मिळून प्यायचो. दर शुक्रवारी पेट्रोल पंपाच्या मागे, तिच्या गाडीत, काचा वर करून, एकाच बाटलीतून. बायकोला प्रश्न नवऱ्याने विचारायचे नाहीत म्हणून माझी मुलाखत दुसऱ्याने घेतली. ज्ञानवचन पाळता का? हो, म्हटलं मी. आणि आत जाऊन बसले, पांढऱ्या कपड्यांत, नाकाने कांदे सोलत. नंतर ते 'हो' खरं ठरलं म्हणा, कोला चालतच होता. पण मी ते खोटं समजून बोलले होते. आणि सोळा वर्षं त्याबद्दल तोंड उघडलं नव्हतं.

"नाही सोडणार, टॅनर," मी म्हटलं. "लग्न झालं की सोमवारी पुन्हा पिणार. ते पेन खाली ठेव."

त्याने पेन ठेवलं. मी उठले, शेजारणीची पंचवीस मिनिटं संपत आली होती.

कॅमरीला घरी येऊन सांगितलं तेव्हा ती पडद्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली.

"आई, एक शब्द म्हणायचा होता. एक!"

"माहीत आहे."

"बाबा आत असणार, शॉना असणार, नवऱ्याकडची सगळी माणसं असणार. आणि माझी आई बाहेर! कशासाठी? कपभर कॉफीसाठी?"

काय सांगणार होते मी? नोरीनचं सांगितलं असतं तर निमित्त शोधतेय असं वाटलं असतं. म्हटलं, "हो गं. कपभर कॉफीसाठी." ती रडली, मग पुन्हा इस्त्री करायला लागली, आणि मी लाव्हारचं दूध घट्ट करायला गेले. झटक्यापासून त्याला पातळ काही गिळता येत नाही, पाणीसुद्धा. सगळ्यात पूड घालून खळीसारखं करायचं. बोलणं तर पूर्ण गेलंय. मी कॉफी त्याच्यासमोरच पिते. पहिल्या दिवशी त्याने मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशीही. पुढे मी बघायचं सोडलं.

शनिवारी थंडी होती. टेकडीवर मंदिराच्या दारात शॉनाने खुर्चीच्या मुठी हातात घेतल्या आणि बापाला आत नेलं. त्याचा दाखला टॅनरने घरी येऊन दिला होता, प्रश्नांना लाव्हार नुसती मान हलवत होता. कॅमरी दारापर्यंत गेली, वळली, माझ्याकडे बघितलं. हात वगैरे हलवला नाही. मग दार लागलं.

नोरीन बाकावर आधीच बसली होती, मांडीवर पिशवी आणि दहा-बारा कोट. मला बघून म्हणाली, "तू इथे काय करतेस?"

तिला मी कळवलंच नव्हतं. मला वाटत होतं, मी जाऊन शेजारी बसेन, सगळं सांगेन, ती माझा हात धरेल. म्हातारपणी माणूस असली खुळी स्वप्नं बघतं. मी बसले आणि सांगितलं. कॉफी, टॅनर, सगळं. मग ते शुक्रवारचंही. "त्या वेळी मीसुद्धा पीत होते आणि मी खोटं बोलले, नोरीन."

"अगं बये," ती म्हणाली, "एकाच बाटलीतून पीत होतो. मला माहीत नसणार?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? तुझ्या नवऱ्याला?" तिचा आवाज चढला. कोटांची चळत घसरली, तिने ती आवळून धरली. "दोघी बाहेर बसलो असतो तर पोरीबरोबर आत कोण राहिलं असतं? म्हणून गप्प बसले मी. तुझ्या लेकीला आई मिळावी म्हणून. आणि तू? आज आयतं मिळत होतं, ते टाकून इथे येऊन बसलीस! माझ्यासाठी? मी सांगितलं होतं तुला?"

सोळा वर्षं जे मी पाप म्हणून वागवलं, ते तिने मला दिलेलं होतं. आणि मी आज त्यावर पाणी फिरवलं होतं. आत त्या क्षणी कॅमरीचं लग्न लागत होतं आणि मला ते दिसत नव्हतं. रडू आलं, पण धड रडताही येईना, इतकी दमले होते.

"मूर्ख आहेस," नोरीन म्हणाली. मग एक कोट ओढून माझ्या गुडघ्यांवर टाकला. "कॉफी आणलीय. घे. गरम आहे तोवर."

थर्मासच्या झाकणातून आम्ही आळीपाळीने प्यायलो. पिशवीत तिचा कोलाचा डबाही होता. तो तिने बाकावर ठेवून दिला, अजून फोडलेला नव्हता.

तासाभराने दार उघडलं. कॅमरी पांढऱ्या झग्यात, वाऱ्याने जाळी उडतेय. नवऱ्याचा हात सोडून सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. मी म्हटलं, "कॉफीचा वास येत असेल." ती म्हणाली, "येतोय." पण सोडलं नाही.

मागून शॉनाने खुर्ची आणली. लाव्हार बाकासमोर आला तसा त्याने चांगला हात उचलला. मला वाटलं, नोरीनला जा म्हणतोय. नोरीनलाही तेच वाटलं, ती ताठ बसली. पण त्याचा हात डब्याकडे होता. बोटं उघडत होती, मिटत होती.

"नको देऊस, ठसका लागेल," मी म्हटलं. "पातळ काही चालत नाही त्याला."

"चालत नाही, चालत नाही! जन्म गेला हेच ऐकण्यात," नोरीन पुटपुटली. तिने डबा न फोडताच त्याच्या हातात दिला. "घे, लाव्हार. धर नुसता."

त्याने धरला. मांडीवर घेतला, दुसऱ्या मेलेल्या हाताची बोटंही ओढून त्यावर ठेवली, आणि नोरीनकडे बघत राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं. झटक्यापासून त्याच्या डोळ्यांतून तसंही पाणी येतं. त्याच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. नोरीनने बघितलं, मग रुमाल काढला आणि त्याचे डोळे पुसले. जरा जोरातच पुसले.

फोटोवाला सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करत होता. "आजोबांच्या हातातला तो डबा काढा कोणीतरी. मंदिरासमोर बरा दिसत नाही."

मी काढायला गेले. लाव्हार सोडेना. एवढी ताकद त्याच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"राहू दे, आई," कॅमरी म्हणाली. "शॉनाताईच्या लग्नात मीही त्या बाकावरच होते, आठवतं? सात वर्षांची, पोरांना आत नेत नाहीत ना. नोरीनमावशीने मला एक घोट दिला होता आणि कोणाला सांगू नको म्हणाली होती." मग कोट घेऊन बाजूला सरकणाऱ्या नोरीनला तिने हाक मारली, "मावशी, ते कोट ठेव आणि इथे ये. बाबांच्या शेजारी."

नोरीनने माझ्याकडे बघितलं. मी कोट तिच्या हातातून घेतले आणि बाकावर ठेवले.