अर्धी धरत नाहीत

वजनकाटे तपासणाऱ्या त्या सरकारी निरीक्षकाला बाजारात सगळे तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ फिरली की आणखी बरंच काही म्हणत. दुकानात शिरला की तो आधी काट्याचं पारडं स्वतःच्या रुमालाने पुसायचा, मग पेटीतली सरकारी वजनं काढून मांडायचा. काटा केसभर जरी हलका निघाला तरी त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं की दुकानदाराचा जीव खाली-वर व्हायचा. कुणाचा चहा तो घेत नसे. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा. असा माणूस घरात असला की काय होतं हे त्याच्या बायकोला विचारायला हवं होतं, पण तिला कुणी कधी विचारलं नाही.

घराच्या मागच्या खोलीत त्याचं राज्य होतं. एक बेंच, एक स्टँड, लोखंडी रॉड आणि भिंतीला टेकवलेल्या प्लेट्स. लग्नाआधीपासून तो एकटाच वजन उचलत आला होता. जिममध्ये आरशासमोर छाती फुगवणाऱ्या पोरांचा त्याला तिटकारा होता. संध्याकाळी ऑफिसातून आला की खोलीत शिरायचा, आतून कडी लावायचा आणि मोठ्याने मोजत उचलायचा. नियम कडक होते. रॉड छातीला टेकून पूर्ण वर गेला तरच एक. अर्ध्यावरून परतला तर धरायचा नाही. दुसऱ्याचं नुसतं बोट लागलं तरी धरायचा नाही. एक खरं, त्याने स्वतःलाही कधी सूट दिली नाही, आणि या एका गोष्टीवर तो जन्मभर स्वतःवर खूश होता.

बायको औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी असे. घरी येऊन स्वयंपाकाला लागली की भिंतीपलीकडून आकडे ऐकू येत. एक, दोन, तीन. नवराबायकोत गप्पा अशा फारशा होत नसत. आवाज कसा लागलाय त्यावरून तिला कळायचं, आज ऑफिसात कुणाशी वाजलंय की दिवस बरा गेलाय. त्यावर ती भागवून घ्यायची.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी सात झाले आणि आठ आलाच नाही.

भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला. क्षणभर तिने वाट पाहिली आणि मग ती धावली. नशीब, त्या दिवशी कडी लावायची राहून गेली होती. रॉड छातीवरून गळ्याकडे घसरला होता, तोंड जांभळं पडलं होतं आणि घशातून आवाज फुटत नव्हता. ती खाली बसली, रॉडच्या एका टोकाखाली दोन्ही हात घातले आणि उठली. कशी उठली ते तिलाही नंतर सांगता आलं नसतं. रॉड कलंडून पलीकडे दाणकन पडला. श्वास परत आल्यावर निरीक्षकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"फरशीला तडा गेला का बघ."

तिने बघितलं. गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याच हत्यारांतला पेचकस घेऊन तिने त्या दाराची कडी उचकटून काढली आणि कपाटात ठेवून दिली. तो त्यानंतर दार नुसतं ओढून घेऊ लागला. शेजाऱ्यांना मात्र सांगायचा, "तसा मी काढतच आणला होता तो रॉड. हिने जरा हात लावला, इतकंच."

पुढे काही महिन्यांनी तिने चौकातल्या हॉलमधला व्यायामाचा क्लास लावला. तिथे पंचवीस-तीस माणसं एकदम उड्या मारत, बैठका काढत, धापा टाकत आणि एकमेकांच्या नावाने ओरडत. निरीक्षकाने पहिल्याच दिवशी त्याला 'गोंधळ' असं नाव ठेवून टाकलं. पण मग डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब मोजला, तोही दोनदा, आणि सांगितलं की श्वास रोखून वजन उचलणं आता पुरे. धाप लागेल असा व्यायाम करा, आणि कृपा करून चार माणसांत करा.

"चला माझ्याबरोबर," बायको म्हणाली. "मजा येते हो."

"व्यायामात मजा कसली?"

पण गेला. जिवावर आलं तरी गेला.

पहिल्याच दिवशी त्याची पार दमछाक झाली. आयुष्यभर लोखंड उचललेला हा माणूस दोरीवरच्या उड्यांनी भिंत धरून उभा राहिला, आणि एक गुबगुबीत डेंटिस्ट बाई त्याच्या बाजूने हसतखेळत उड्या मारत निघून गेली. ते त्याने गिळलं. न गिळता आलेल्या गोष्टी दोन होत्या. एक म्हणजे तिथे कुणीच काही पूर्ण करत नव्हतं. अर्ध्या बैठका, अर्धवट जोर, आणि वर "शाब्बास, शाब्बास!" असा आरडाओरडा. दुसरी गोष्ट म्हणजे त्याची बायको. तिथे तिला सगळे 'इंजिन' म्हणायचे. ती आत आली की टाळ्या पडायच्या. ती मोठमोठ्याने हसायची, लोकांच्या पाठीवर थापा मारायची, ट्रेनर पोराची टोपी ओढायची. हे हसू ही घरी कुठे ठेवते, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. लगेच रागही आला, कारण वाईट वाटून घ्यायची त्याला सवय नव्हती.

हॉलच्या दाराशी एक पितळी घंटा टांगलेली होती. महिन्यातून एकदा परीक्षा असायची. जड बॉल छातीशी धरून बैठक काढायची, उठताना तो भिंतीवर फेकायचा, झेलायचा आणि पुन्हा खाली. दहा मिनिटांत शंभर. ज्याच्या पूर्ण होतील त्याने जाऊन घंटा वाजवायची. जोडीतल्या एकाने काढायच्या, दुसऱ्याने मोजायच्या. इंजिनाने ती घंटा अजून एकदाही वाजवली नव्हती. दर वेळी चार-दोन बैठकांसाठी राहायची.

तिची नेहमीची जोडी डेंटिस्ट बाईशी. पण त्या महिन्यात जाताना रस्त्यातच ती नवऱ्याला म्हणाली, "आज माझ्या तुम्ही मोजा."

"मी? का बरं?"

"मला ती घंटा तुमच्यासमोर वाजवायचीय. तुम्ही मोजलेली."

निरीक्षक एवढा सुखावला की दोन पावलं पुढेच निघून गेला. या बाईला आपली किंमत आहे तर! डोळ्यांत तेल घालून मोजायचं, तिच्या घंटेत कणाचीही खोट राहू द्यायची नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं. त्याच्यापाशी देण्यासारखं होतं ते हेच, आणि ते त्याने मनापासून द्यायचं ठरवलं. पुढे जे झालं ते त्याने दुष्टपणाने केलं असतं तर निदान माफी तरी मागता आली असती.

सुरुवात झकास झाली. ती घामाने निथळत होती, बॉल भिंतीवर थाडथाड आपटत होता, तो खणखणीत आवाजात मोजत होता. एकतीस. बत्तीस. मग तो थांबला.

"ही नाही."

"काय नाही?" तिने बॉल झेलत विचारलं.

"पूर्ण खाली नाही गेलीस. अर्धी धरत नाहीत."

तिला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली आणि पुढची काढली.

"हीही नाही."

आता ती हसली नाही. दात आवळून तिने आणखी खाली जायचा प्रयत्न केला. "तेहेतीस," तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात खरोखर कौतुक होतं. पुढच्या दोन धरल्या नाहीत. मग एक धरली. शेजारी डेंटिस्ट बाई दुसऱ्या कुणाच्या मोजत होती, ती मोजायचं सोडून ओरडली, "अहो साहेब, मोजा की! तिची तेवढीच जाते खाली!"

"तेवढी म्हणजे अर्धी," साहेब शांतपणे म्हणाले.

हळूहळू आजूबाजूचा आरडाओरडा बसत गेला. ज्यांच्या संपल्या होत्या ते घंटेकडे जायचे थांबून इकडेच बघत राहिले. त्या शांततेत फक्त बॉल ऐकू येत होता, आणि "नाही," "नाही," "एकोणसाठ," "नाही." वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा तिने बॉल खाली ठेवला.

"त्रेसष्ट," निरीक्षकाने जाहीर केलं. मग सगळे असे का बघताहेत ते न कळून म्हणाला, "मी स्वतःच्याही अशाच मोजतो. विचारा हिला."

"काका," ट्रेनर पोरगा चाचरत म्हणाला, "त्यांना मीच सांगितलंय पूर्ण खाली जायचं नाही म्हणून. उजवा गुडघा आहे ना."

"गुडघ्याला काय झालंय?"

ट्रेनर डेंटिस्ट बाईकडे बघू लागला. शेवटी डेंटिस्ट बाईच बोलली, आणि तिने शब्द काही मऊ निवडले नाहीत. "तुमच्या गळ्यावरचा रॉड उचलताना पिळवटला तो. वर्ष झालं. जिना उतरताना कठडा धरून उतरते ती. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही एका घरात राहता ना?"

निरीक्षकाने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने बॉल उचलला आणि पुन्हा भिंतीसमोर उभी राहिली.

"मोजा," ती म्हणाली.

"अगं, राहू दे आता. मला काय माहीत—"

"मोजा म्हटलं ना."

ती खाली गेली. पूर्ण खाली, मांड्या पोटऱ्यांना टेकेपर्यंत. उठताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून डेंटिस्ट बाईने तोंड फिरवलं. "चौसष्ट," तो पुटपुटला. "मोठ्याने," ती म्हणाली. दर थोड्या वेळाने ती थांबायची, भिंतीला हात लावायची, आणि विचारायची, "नीट होती ना?" तो म्हणायचा, होती. मध्ये एकदा त्याने दोन आकडे गाळून पुढचा म्हटला. ती तिथेच थांबली. "खोटं मोजू नका," ती म्हणाली. "तुम्हाला जमत नाही ते."

शंभर झाल्या. ट्रेनर धावत घंटेपाशी गेला आणि दोरी तिच्यापुढे धरली.

"वेळ केव्हाच संपली, बाळा," ती म्हणाली. "या धरत नाहीत. साहेबांना विचार." आणि डेंटिस्ट बाईच्या खांद्यावर हात टाकून लंगडत बाहेर पडली. निरीक्षक घरी एकटाच चालत आला.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं त्याला आयुष्यात प्रथमच वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आला तेव्हा मागच्या खोलीच्या दाराला कडी होती. जुनीच कडी, जुन्याच जागी, नवे स्क्रू घालून घट्ट बसवलेली.

"ही कशाला लावलीस?" त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

"तुम्हाला एकट्यालाच बरं वाटतं ना," ती म्हणाली. ती भाजी चिरत होती, एक पाय उंच करून पाटावर टेकवलेला. "उद्यापासून तुम्ही घरीच करा. डॉक्टरांना काय सांगायचं ते सांगा. आतून लावून घेत जा."

"गुडघ्याचं मला एकदा तरी बोलायचंस."

"तुम्ही फरशीचं विचारलंत," ती म्हणाली. "तेवढं सांगितलं."

तो खोलीत गेला. कडी लावली नाही. दार चांगलं हातभर उघडं ठेवलं, बेंचवर आडवा झाला, रॉड दोन्ही हातांनी धरला. रॉड स्टँडवरच होता. त्याने तो उचलला नाही.

"एक," तो मोठ्याने म्हणाला. "दोन." तोच आवाज, तोच ठेका. मधे श्वासही सोडला, वजन वर गेल्यासारखा. तीन, चार, पाच, सहा. आयुष्यात न केलेलं काम तो करत होता.

"सात," तो म्हणाला, आणि गप्प झाला.

डोळे मिटून, कान दाराकडे लावून तो पडून राहिला. स्वयंपाकघरात सुरी फळीवर चालली होती. ती थांबली नाही.