एकोणीस बिननावाच्या गाई

पांढरी गाडी मला पहिल्यांदा दिसली ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला. क्रायचेकच्या कुरणाला लागून खडीची वाट जाते, तिच्या कडेला ती उभी होती. आत बँकेचा माणूस, डोळ्यांना दुर्बीण लावून. त्याने मला हात केला. आमच्या नेब्रास्कात वाटेत भेटलेला प्रत्येक जण हात करतो, उद्या खून करायला निघालेलासुद्धा करील. पण हा गुरं मोजत नव्हता. मोजणाऱ्याचे ओठ हलतात. हा एकेका गाईच्या डोक्याकडे बघत बसला होता. मी उलटा हात करायचंच विसरले.

का विसरले, ते सांगते.

मी आणि माझा नवरा मर्ल, आम्ही गुरांच्या लिलावाचा बाजार चालवतो. तो माइकवर ओरडतो, मी खिडकीत बसून चेक फाडते. ऑर्वल टाइखमन हा ड्वाइट क्रायचेकच्या रँचवरचा गडी, बावीस वर्षं तिथेच. आमच्याकडे जुनी रीत आहे. पगाराखेरीज मालक गड्याला दरवर्षी दोन कालवडी देतो. त्या मालकाच्याच कळपात चरतात आणि पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाचा डागही मालकाचाच असतो. रोज एका टेबलावर जेवणाऱ्या माणसांत कागद कशाला करायचा? ओळख म्हणून डाव्या कानाला एक खाच पाडली की झालं. होता होता ऑर्वलच्या एक्केचाळीस गाई झाल्या. प्रत्येकीला त्याने नाव ठेवलं होतं, कुठे मावशीचं, कुठे शाळेतल्या बाईंचं.

मार्चमध्ये ड्वाइट गेला. तो बँकेत किती बुडालेला होता ते तो गेल्यावर कळलं. बँकेने साऱ्या बाजारांना पत्र धाडलं: क्रायचेकच्या डागाचं जनावर विकलं, तर चेकवर बँकेचंही नाव घाला. ते पत्र मी स्वतःच्या हाताने खिडकीशेजारी टाचणीने लावलं होतं.

सप्टेंबरमध्ये ऑर्वलने आपल्या एक्केचाळीस गाई विकायला आणल्या. ओढ्याकाठचं दोन खोल्यांचं एक घर त्याने बघून ठेवलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं छप्पर. मी कान बघितले आणि एकट्या ऑर्वलच्या नावाने सत्तर हजार डॉलरचा चेक फाडला. त्या पत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साऱ्या मुलखाला जे ठाऊक, ते बँकेला का विचारायचं? एवढी वर्षं धंद्यात काढून ही माझी अक्कल.

तीन आठवड्यांत समन्स आलं. बँकेने ऑर्वलवर दावा ठोकला, आमच्यावरही ठोकला, आणि त्याचे पैसे खात्यातच गोठवले.

“घाबरतेस काय?” ऑर्वल माझ्या खिडकीत कोपर टेकून म्हणाला. “आपल्याकडे कान आहेत. दहा शेजारी शपथेवर सांगतील.”

“ऑर्वल, त्या पांढऱ्या गाडीवाल्याला पाहिलंस का?”

“बघू दे की. फुकटच्या गाई बघून कुणाचं भलं झालंय?” त्याने खिशातून कागदाचा चिटोरा काढला. “पडद्याला किती कापड लागेल? खिडकी चार फुटी आहे. मर्लला विचारलं तर म्हणतो गोणपाट लाव.”

मी कापड किती लागेल ते सांगितलं. जे सांगायला हवं होतं ते जिभेवर येऊन परत गेलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वासरांना डाग द्यायचा दिवस असला की आमच्याकडे सगळे शेजारी राबायला येतात. मजुरी कोणी मागत नाही, पोटभर जेवण आणि बिअर मिळाली की खूश. त्या वर्षी ऑर्वल हॉस्पिटलात होता. ड्वाइटच्या घोड्याने त्याला पाडलं होतं, पाय दोन ठिकाणी मोडला होता. खाचा पाडायची सुरी माझ्या हातात होती. ड्वाइट जवळ आला.

“इर्मा, या खेपेला नेहमीच्या दोनच नको. आणखी एकोणीस कालवडी आहेत. सगळ्यांना खाच पाड.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“घोडा माझा, पाय त्याचा. मग? पण त्याला बोलू नकोस. तोंडावर दिलं तर घ्यायचा नाही, गाढव आहे तो. वेळ आली की मीच सांगेन.”

मी शब्द दिला आणि एकोणीस कान कापले. ड्वाइटची सांगायची वेळ काही आली नाही. ऑर्वलही कधी त्याबद्दल बोलला नाही. मला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नसेल. बावीस वर्षं गुरांत काढलेल्या माणसाबद्दल मी असं समजले!

आता ड्वाइटची उरलेली गुरं बँकेच्या ताब्यात होती. त्यांत ऑर्वलने मागेच ठेवलेल्या त्या एकोणीस होत्या, आणि दुर्बिणीत कान स्वच्छ दिसतात. ऑर्वलला सांगायचं की नाही या विचाराने मला अन्न गोड लागेना. आमचा वकील म्हणाला, विचारतील तेवढंच बोला. मर्ल म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप्प राहा.” त्यात मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. मी गप्प बसले. पांढरी गाडी मात्र दर दोन-तीन दिवसांनी त्या वाटेवर असायची, आणि मग एके दिवशी यायची थांबली. ती थांबल्यावर मी जास्त घाबरले.

नोव्हेंबरात खटला उभा राहिला. बँकेची वकीलबाई मधाळ बोलायची. तिने आधी ऑर्वलकडून गाईंची नावं वदवून घेतली, लोक हसले, तोही हसला. मग तिने टेबलावर फोटो मांडले.

“मिस्टर टाइखमन, ही खाच म्हणजे तुमची खूण. बरोबर?”

“हो.”

“क्रायचेकच्या कळपातल्या आणखी एकोणीस गाईंना हीच खाच आहे. तुम्हाला माहीत होतं?”

मी मनातल्या मनात म्हणत होते: हो म्हण, माझ्याच आहेत म्हण. एवढंच म्हणाला असता तर साठच्या साठ कान त्याच्या बाजूने उभे राहिले असते.

“माहीत होतं,” ऑर्वल म्हणाला. “त्या माझ्या नाहीत. मी हॉस्पिटलात होतो त्या साली कुणाकडून तरी चुकून खाचा पडल्या. मी त्यांना कधी हात लावला नाही. ड्वाइटच्या त्या.”

“म्हणजे खाच चुकूनही पडते.”

खरं बोलून माणूस कसा बुडतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

माझी पाळी आली तेव्हा मी वकिलाचं ऐकलं नाही. “चूक नव्हती ती! मी कापले ते कान. ड्वाइटने मला सांगितलं होतं...”

वकीलबाई ताडकन उठली. न्यायाधीश म्हातारे, त्यांचं गुराखी घराणं, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, मेलेला माणूस काय म्हणाला ते इथे धरता येत नाही. कागद आहे का?”

कागद नव्हता. शेजारी होते, पण सुरी हातात असलेल्या कुणीही खाच पाडली असती हे मीच आताच सिद्ध केलं होतं. निकाल बँकेच्या बाजूने गेला. गोठवलेले सत्तर हजार बँकेला मिळाले, म्हणून आमचा बाजार सुटला. सुटलो म्हणायची लाज वाटते.

बाहेर व्हरांड्यात ऑर्वल टोपी हातात घेऊन उभा होता.

“माझ्या होत्या?” त्याने विचारलं.

“हो.”

“सहा वर्षं मी त्यांना माझ्या गाईंतून वेगळं काढत आलो, इर्मा. काठीने.” टोपी डोक्यावर घालून म्हणाला, “आधी बोलायचं होतंस गं.”

 

डिसेंबरात बँकेने उरलेली गुरं विकायला काढली, तीही आमच्याच बाजारात. दाराशी पांढरी गाडी, पहिल्या बाकावर तो माणूस. ऑर्वल आता आमच्याकडेच फाटकावर काम करतो; दुसरं कोण ठेवणार होतं त्याला? गुरं एकेक करून रिंगणात येऊ लागली. डाव्या कानाला खाच असलेली पहिली गाय आली तेव्हा ऑर्वलने फाटक उघडलं आणि मोठ्याने म्हणाला, “क्लारा.” मर्लचं ओरडणं मधेच अडखळलं. पुढची आली. “हेस्टर.” मग “मिल्ड्रेड.” बँकेचा माणूस मोबाइलमध्ये बघत राहिला. अठरा गाईंना अठरा नावं मिळाली, आणि खाटीकखान्याच्या दलालाने एकामागून एक सगळ्या उचलल्या.

एकोणिसावी आत आली. ऑर्वलने फाटकावरून सरळ माझ्या खिडकीकडे पाहिलं.

“इर्मा,” तो म्हणाला.

ती तेराशे डॉलरला गेली. मागच्या दाराने तिला ट्रकमध्ये चढवलं, आणि मी बँकेच्या नावाने चेक फाडला.