कुंभीढाण्याच्या शेतावरची साखळी

मी एक जुनी लोखंडी साखळी आहे, मित्रांनो. विहिरीची नाही, बैलाच्या गळ्यातली नाही आणि चोराच्या पायातली तर मुळीच नाही. मी जमीन मोजायची साखळी आहे. अकोल्याच्या एका जुन्या कचेरीत, अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्चीखाली मी वेटोळं करून पडलेली असते. झाडायला येणारी बाई मला पायानं बाजूला सारते. तिचा मला राग येत नाही. राग येतो तो माझा मलाच, आणि तो का, तेच आज सांगायचं आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात मी घडले. लोखंड तापवून, ठोकून माझी एकेक कडी वळवली गेली. माझी लांबी बरोबर तेहेतीस फूट. तिचे सोळा भाग पाडलेले, त्यांना आणे म्हणायचे. माझ्या लांबीचा चौकोन आखला की एक गुंठा जमीन होते. तपासणाऱ्यानं मला ताणून पाहिलं तेव्हा केसाएवढाही फरक निघाला नाही. तेव्हापासून मी जरा शिष्टच झाले होते, हे कबूल करते.

बैलगाडीतून मी वऱ्हाडात आले. त्या वर्षांत दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. जो तो जमिनीच्या मागं लागला होता. सरकारनं ठरवलं की प्रत्येक शेत मोजायचं, हद्दीला दगड पुरायचे आणि पुस्तकात शेतापुढं धन्याचं नाव लिहायचं. तेल्हाऱ्याच्या काळ्या रानात मी दोन हंगाम फिरले. दोन भावांचा बांधावरून तंटा असला की मला मध्ये आडवं टाकायचे, आणि मी एक शब्द न बोलता तो मिटवायचे. म्हातारे म्हणायचे, साखळी खोटं बोलत नाही. ते ऐकायला मला फार आवडायचं.

माझं एक टोक धरायचा नत्थुजी. तेल्हाऱ्याकडचाच गडी, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. पुस्तक लिहायचे वामनराव कारकून. ते पुण्याकडचे, कामाला चोख, कुणाच्या घरचं पाणी प्यायलाही मागंपुढं पाहणारे. त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात चोर म्हणून बोट दाखवावं असा कुणी मला आजवर सापडलेला नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही हिवरखेडच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी गेलो. तिथं कुंभीढाणा नावाची कोरकूंची वस्ती होती. जेमतेम वीस घरं. वस्तीखाली काळ्या मातीचा एक सपाट तुकडा होता. तिथं ते कोदो, सावा, ज्वारी पेरायचे. तीन वर्षं पेरायचं आणि मग दोन वर्षं जमिनीला विसावा द्यायचा, अशी त्यांची रीत. आम्ही पोचलो ते नेमकं विसाव्याचं वर्ष होतं. शेतात कमरेएवढं गवत उभं होतं. इकडं हिवरखेडच्या खुशालरावांनी तोच तुकडा कापसासाठी मागून ठेवलेला. नियम असा होता की कसणाऱ्यानं पुढं येऊन जमीन माझी म्हणायचं, की त्याचं नाव लागायचं. कुणीच म्हटलं नाही तर ती सरकारी पडीक, आणि मग मागेल त्याला मिळायची.

ते शेत कसायचा भुरा. पन्नाशीचा, काटक, हसतमुख माणूस. त्याची बायको फुलय हिनं आम्हाला कोदोचा भात रांधला. भुरानं स्वतः गवत कापून मला वाट करून दिली. माझं दुसरं टोकही त्यानंच धरलं. एवढंच काय, हद्दीचे दगड त्यानं आपल्या खांद्यावरून आणून पुरले. पाहुणे आपल्या शेताचा मान करायला आले आहेत, असंच त्याला वाटत होतं.

शेताच्या कडेला मोहाचं झाड होतं आणि त्याच्याखाली सागाच्या कोरीव फळ्या उभ्या होत्या. त्यांना मुंडे म्हणतात. घरातलं माणूस गेलं की फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरून ती तिथं पुरायची. मग गेलेला माणूस तिथं राहायला आला आणि जमीन त्याची झाली, असं कुंभीढाण्यात मानत. त्याच्यासमोर उभं राहून जिवंत माणसानं जमिनीला आपली म्हणायचं म्हणजे बाप जेवत असताना त्याच्या ताटात हात घालायचा.

आणि ऊन तापलं म्हणून वामनराव बसले ते त्याच मोहाखाली. दुसरी सावलीच नव्हती. तिथंच त्यांनी पुस्तक उघडलं.

"ही जमीन कोणाची?"

"त्याची," एका मुंड्याकडं बोट करून भुरा म्हणाला. "माह्या बापाची. कालूची."

कालू नऊ वर्षांपूर्वी वारला आहे, हे वामनरावांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता तुझी ना?"

भुरानं मुंड्याकडं पाहून नकारार्थी मान हलवली. नत्थुजी माझं टोक खाली ठेवून पुढं सरकला. तो हळूच म्हणाला, "भुरा, माही हाय म्हन. एवढंच म्हन नं बाप्पा."

"बापाच्या तोंडावर कसं म्हनू?" भुरा म्हणाला. "मी फकस्त पेरतो. मी मेल्यावर होईन माही."

वामनरावांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं. उत्तर तेच. शेवटी त्यांनी लिहिलं की धनी कालू, मयत, हक्क सांगणारा कोणी नाही, जमीन पडीक. दहा पावलं पलीकडं, मुंड्यांच्या नजरेआड नेऊन विचारलं असतं तर? मी हा विचार हजार वेळा केला आहे. भुरा मात्र खूश होता. त्याच्या बापाचं नाव सरकारच्या पुस्तकात चढलं म्हणून फुलयनं सगळ्यांना गूळ वाटला. मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडले असते.

पाऊस पडला आणि खुशालरावांचा नांगर आला. भुरा पायी अकोल्याला गेला. मी तेव्हा कचेरीत खुंटीला टांगलेली होते, सगळं ऐकत होते. कचेरीच्या साहेबांनी कारकुनाला पुस्तक वाचायला लावलं आणि भुराला विचारलं, हे तूच बोललास ना? भुरा म्हणाला, "हो. खरंच हाय ते." झालं, तिथंच निकाल लागला. नाही म्हटलं असतं तर कदाचित काही झालं असतं, पण खोटं त्याच्या जिभेवर कधी बसलंच नव्हतं. दोन वर्षांनी वरचं जंगलही राखीव झालं. वर जायची बंदी आणि खाली जमीन नाही.

पुढं खुशालरावांनी आपली हद्द पक्की करून मागितली. मला पुन्हा त्याच शेतात नेलं. दुसरं टोक धरायला भुरा आपण होऊन आला. मोहापाशी रेघ आली तेव्हा तो नत्थुजीला म्हणाला, "इथं जराशी वाकडी धरली त चालन का? दोन हात. मुंडे भाईर राहतीन."

मित्रांनो, माझी प्रत्येक कडी वाकते. मी कुठंही वळू शकते, वेटोळंही घालू शकते. त्या क्षणी मला वाकायचं होतं, जन्मात पहिल्यांदा खोटं बोलायचं होतं. नत्थुजीनं वामनरावांकडं पाहिलं. वामनरावांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "साखळी ताठ धरा." नत्थुजीनं ओढलं. आणि भुरानंही ओढलं, कारण ढिली धरणं त्याला जमेना. मी ताठ झाले. मुंडे एक आणा आत, खुशालरावांच्या जमिनीत गेले.

खुशालराव म्हणाले, मुंडे घेऊन जा, मी अडवत नाही. फुलय म्हणाली, "एकदा रायले आलेल्या मानसाले उठवत नाहीत." ते तिथंच राहिले. त्यांच्या भोवती कापूस फुटला आणि फुलय तो मजुरीनं वेचू लागली. भुरा गेला तेव्हा त्याचा मुंडा कोरून तयार होता, पण तो पुरायला जागा कुणाला मागायची हे वस्तीत कुणाला कळेना. नत्थुजी सांगायचा, मुंडा बरेच दिवस फुलयच्या घरात भिंतीला टेकवून ठेवला होता.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला पुसा, तेल द्या, जपा. मला तेल नको. पलीकडच्या खोलीत लाल फडक्यात बांधलेलं ते पुस्तक आहे. ते काढा आणि कुंभीढाण्याचं पान उघडा. तिथं बापापुढं मान राखून गप्प राहिलेल्या माणसाला 'कोणी नाही' म्हटलं आहे. ते खोडून भुराचं नाव लिहा. मला लिहिता येत नाही. तुम्हाला येतं.