प्रतीक्षा यादीत तिसरी

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो एका गिऱ्हाइकाची आरामखुर्ची उलटी करून तिला नवं कापड चढवत होता आणि त्याच्या तोंडात बारा-पंधरा खिळे होते. बारीक खिळे ओठांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचा, ही त्या धंद्यातली रीतच. फोन वाजला. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्या हाताखाली बायको अकरा वर्षं मदतनीस होती. बाई सांगत राहिल्या आणि हा खिळे सांभाळत "हं, हं" करत राहिला. बाईंना वाटलं असेल, काय धीराचा माणूस आहे. धीर कसला! तोंड उघडलं असतं तर खिळे गालिच्यावर सांडले असते, एवढंच त्याला त्या वेळी सुचत होतं.

एका कुत्र्याच्या पायाला ती पट्टी बांधत होती. पट्टी पुरी केली, गाठ मारली, "जरा बसते" म्हणाली आणि बसली ती उठलीच नाही. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती.

तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचं होतं. पशुवैद्यकीय महाविद्यालयात जागा साठ आणि अर्ज हजारोंनी. दोन वर्षं नकार आला, तरी अडतिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा अर्ज केला. त्याची धाकटी बहीण म्हणायची, "वहिनी, तुम्ही डॉक्टर होईस्तोवर तुमचे पेशंट म्हातारे होतील."

"मग मी म्हाताऱ्या गाईंची डॉक्टर होईन," ही म्हणायची. आणि त्याच्याकडे वळून, "तुम्ही खुर्च्यांचे डॉक्टर, मी गाईगुरांची. या घरात माणसांचा तेवढा कोणी नाही."

तेव्हा दोघं हसायचे. शेवटचे दोन महिने तिचं डोकं दुखत होतं. कपाळाला ओला रुमाल बांधून ती अभ्यास करायची. परीक्षेचा ताण, ती म्हणायची, आणि तोही तेच म्हणायचा.

परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि वाट बघणं सुरू झालं. अर्जात तिनं त्याचा फोन नंबर दिला होता, कारण तिचा फोन त्याच आठवड्यात कुत्र्यांच्या अंघोळीच्या टबात बुडाला होता. तो कामावरून आला की चपला काढायच्या आत ती विचारायची, "आलं का काही?"

"आलं की."

"काय?"

"विजेचं बिल."

रोज हाच विनोद, आणि रोज ती त्याच्या पाठीत एक धपका घालायची.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी दुपारी खरोखरच आलं. तिचा अर्ज क्रमांक आणि खाली एक ओळ: प्रतीक्षा यादीत आपला क्रमांक तिसरा आहे. तो स्वयंपाकघरात उभा होता. "अगं, तिसरी आलीस," तो मोठ्यानं म्हणाला. मग भांडी घासून ठेवली. एका माणसाची भांडी ती किती, दोन मिनिटांत झाली.

महाविद्यालयाला कळवायला हवं होतं. बहीण फोनवर म्हणालीसुद्धा, "दादा, एक चिठ्ठी पाठव आणि मोकळा हो." तो बरं म्हणाला. दहा दिवसांनी क्रमांक दुसरा झाला. त्यानं कळवलं नाही. घरातलं दुसरं काहीच हलत नव्हतं. तिचा चष्मा पुस्तकावर होता तिथंच होता, साबणाची वडी तिनं वापरून ठेवली होती तेवढीच होती. नंबर तेवढा पुढं सरकत होता. मग पहिला झाला. आणि एका मंगळवारी, तो गादीत कापूस भरत असताना, जागा मिळाली. सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं. खाली दोन चौकोन होते, एकात स्वीकार, दुसऱ्यात नकार.

त्याला वेड लागलं नव्हतं. सगळं समजत होतं. हाताला लागलेला कापूस त्यानं पँटला पुसला आणि स्वीकार दाबलं.

शुक्रवारी यादी लागली. त्यानं दोन बोटांनी तिचं नाव मोठं करून पाहिलं. इतकं मोठं केलं की पडद्यावर मावेना.

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. टाचणी आली होती. दवाखान्यातली दुसरी मदतनीस, अंगानं अगदी किडकिडीत, म्हणून बायकोनंच तिला ते नाव ठेवलं होतं. तिच्या हातात कापडी पिशवी होती.

"भाऊजी, ताईंचं सामान. ॲप्रन, चपला आणि चहाचा मग."

"ये आत. त्या खुर्चीवर तेवढी बसू नकोस."

स्वयंपाकघरातल्या त्या खुर्चीच्या गादीचं रेक्झिन फाटलं होतं. त्याच्यासारख्याला दहा मिनिटांचं काम. पण बायकोनं बजावलं होतं, "हात लावायचा नाही, हा माझा पेशंट आहे." जखम शिवतात तसे सुटे टाके ती त्यावर घालून बघत होती. सोफ्याच्या कडा शिवायची वाकडी सुई त्याचीच, ती कशी फिरवायची हेही त्यानंच शिकवलं होतं. फाटीच्या कडेनं खडूनं वीस ठिपके काढून दिले होते. रात्रीच्या जेवणाआधी ती रोज एक टाका घालायची.

टाचणी वाकून बघत राहिली. "ताईंचेच टाके. प्रत्येक गाठ एका बाजूला. माझ्या गाठी मुंग्यांसारख्या कुठंही पळतात."

त्यानं चहा ठेवला. तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडवला, परत गुंडाळला.

"भाऊजी, यादी बघितली मी."

तो गाळणं शोधू लागला. गाळणं समोरच होतं.

"रागावलीस?"

"नाही हो. ताईंचं नाव बघून आधी आनंदच झाला. दोन मिनिटं. मग आठवलं."

"तुझा कितवा नंबर?"

"राहू द्या ना."

"सांग."

"ताईंच्या मागचा. दवाखान्यातही त्यांच्या मागं, इथंही त्यांच्या मागं." ती हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही.

"यादी कधी बंद होते?"

"बुधवारी. पण मी त्यासाठी नाही आले. पिशवी द्यायला आले."

"पिशवी महिनाभर तिथंच होती."

टाचणीनं मान खाली घातली. "दोन्हीसाठी आले, भाऊजी."

खरं बोलली हे त्याला बरं वाटलं. त्यानं कप तिच्यापुढं सरकवला. "आणि नाही झालं तर?"

"भावाच्या दुकानात बसायचं. त्यानं गल्ल्यामागं माझ्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलंय."

"कसलं?"

"प्लास्टिकचं."

"कंबर जाईल," तो म्हणाला.

सोमवारी त्यानं काम बंद ठेवलं आणि महाविद्यालयात गेला. प्रवेशाच्या खिडकीत एक कारकून रबरी बोटाळं घालून कागद मोजत होता.

"एक प्रवेश रद्द करायचाय."

"विद्यार्थी कुठंय?"

"विद्यार्थिनी. माझी बायको."

"मग बाईंना स्वतः येऊ द्या. इथं नवऱ्यांचं चालत नाही." कारकुनानं मान वर केली नाही. "परवा एक सासरेबुवा आले होते सुनेचा रद्द करायला. बाहेर काढलं त्यांना. पोरी मरमर मरून नंबर लावतात आणि घरचे येतात सही करायला."

त्याला कारकून आवडला. त्यानं खिशातून मृत्यूचा दाखला काढला, उलगडला आणि खिडकीतून आत सरकवला.

कारकुनानं वाचलं. बोटाळं काढलं. मग समोरच्या पडद्यावर बघितलं आणि परत दाखल्यावर. "जागा तर गेल्या मंगळवारी स्वीकारलीय."

"मी स्वीकारली."

"का हो?"

मागं रांगेत कुणीतरी खाकरलं. "तीन वेळा अर्ज केला होता तिनं," तो म्हणाला. "एकदा तरी यादीत नाव बघावंसं वाटलं."

कारकुनानं अर्ज पुढं केला. त्यात कारणांची यादी छापलेली होती: दुसरीकडं प्रवेश, आर्थिक अडचण, वैयक्तिक, इतर. त्यानं 'इतर'वर खूण केली आणि सही केली.

"नाव संध्याकाळी निघेल," कारकून म्हणाला. "मी शेवटी काढतो."

बाहेरच्या पटांगणात पांढऱ्या कोटातली मुलं एका वासराला धरून उभी होती. वासरू त्यांना ओढत होतं आणि ती हसत होती. त्यांच्यात एक केस पिकलेला माणूसही होता, शिकवणारा नव्हे, शिकणारा. त्याच्याकडं तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

संध्याकाळी संदेश आला, प्रवेश रद्द. त्यानंतर त्या नंबरावर महाविद्यालयाकडून काही येणार नव्हतं. घरी येऊन चपला काढताना तो सवयीनं थांबला. कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणीचा फोन आला. ती रडत होती की हसत होती ते कळेना. तोंडात एकही खिळा नव्हता, तरी त्याच्याकडून "हं, हं" एवढंच निघालं. शेवटी ती म्हणाली, "भाऊजी, खुर्चीचे राहिलेले टाके मी घालू का? तुम्ही म्हणाल तेव्हा येते."

"बघू," तो म्हणाला. "आधी गाठी एका बाजूला घ्यायला शिक."

त्याला महिना झाला. टाचणीचे वर्ग सुरू झालेत. तो दुसऱ्या खुर्चीवर बसून जेवतो. वाकडी सुई दोऱ्यासकट रेक्झिनमध्ये टोचलेली आहे. अकरा टाके झालेत, नऊ राहिलेत.