बोगद्यातली पट्टी

दादाचा फोन आला तेव्हा मी झाडं लावत होतो.

खरी नाहीत. दोन इंची. वाळकी काटकी, तिच्या टोकांना गोंद, वरून भांडी घासायच्या हिरव्या स्पंजचा चुरा. एक झाड लावायचं म्हणजे गोंद पकडेपर्यंत ते बोटांत धरून बसायचं. हलायचं नाही. म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"भुश्या, काय करतोयस?"

मला भुश्या म्हणणारी माणसं आता दोनच उरलीत, दादा आणि आई. बाबा सुतार होते. लहानपणी मी दिवसभर त्यांच्या पायाशी बसायचो, रंध्यातून पडेल ते सगळं अंगावर. डोक्यापासून पायापर्यंत भुसा. बाबा जाऊन सात वर्षं झाली, नाव काही झटकलं गेलं नाही.

"झाडं लावतोय."

"अरे वा, समाजसेवा!"

"गाडीची रे."

"अजून चाललंय ते? इंजिन पळतं का, की मागून ढकलतोस?"

"पळतं."

"बरं, ऐक. माझं कपाट आहे ना तसंच?"

"आहे."

"त्यात कॉलेजच्या वह्यांचा गठ्ठा आहे. सगळ्यात खाली तपकिरी पुठ्ठ्याची बाबांची एक जुनी वही. तिच्यात बाबांनी पाळण्याचं चित्र काढलंय, मापांसकट. आपण दोघं झोपलो तो पाळणा. ती काढून ठेव. पुढच्या रविवारी येतो न्यायला."

"पाळणा कशाला?"

दादा म्हणाला, "आईनं सांगितलं नाही तुला?"

"काय?"

"तुझ्या वहिनीला पाचवा चालू आहे."

फोनवर त्याच्या मागून आईचा आवाज आला, "अगं बाई, मला वाटलं तू सांगितलंस!"

"मला वाटलं तू!"

मग त्या दोघांचंच सुरू झालं, कुणी सांगायचं होतं आणि कुणी नाही. वहिनी हसत होती. मी अभिनंदन म्हणालो. ते कुणाला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. फोन ठेवला तेव्हा झाड मस्त चिकटलं होतं. माझ्या अंगठ्याला.

आता खरं सांगतो. ती वही कपाटात नव्हती. डोंगरात होती.

आई आठ महिन्यांपूर्वी दादाकडे गेली. गुडघ्याचा डॉक्टर तिकडे चांगला आहे म्हणून, पंधरा दिवसांसाठी. गुडघा बरा झाला, पंधरा दिवस काही संपले नाहीत. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, फ्रेममध्ये बसवतो. संध्याकाळी घरी आलो की कुलूप मीच काढतो, दिवा मीच लावतो. पहिला महिना टीव्ही मोठ्यानं लावून बघितला. मग एक दिवस बाबांची जुनी प्लायवूडची फळी दादाच्या पलंगावर आडवी टाकली आणि तिच्यावर रूळ मांडले.

कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघायचे आणि चुकायचं. आधी खडी चिकटवली आणि मग कळलं की रूळ बदलायच्या सांध्यातसुद्धा गोंद गेलाय, सांधा हलतच नाही. मग सुईनं खरवडून काढला, एक आख्खा रविवार. गवत म्हणून बाबांच्या पोत्यातला उरलेला भुसा हिरवा रंगवला. स्टेशन केलं. फलाटावर एक बाक केला. माणसं नाही ठेवली. माणसं फार बारीक असतात, रंगवताना तोंडं बिघडतात. असं मी सांगतो.

आणि डोंगर. डोंगर करायची रीत सोपी आहे. आधी जाळी वाकवून आकार द्यायचा. मग कागदाच्या पट्ट्या फाडायच्या, पाणी घातलेल्या गोंदात बुडवायच्या आणि जाळीवर एकावर एक चिकटवत जायच्या. तीन-चार थर. वाळलं की वर पीओपी, मग रंग. एकच गोष्ट कुणी सांगत नाही. पट्ट्या लावायला लागलं की थांबता येत नाही. गोंद वाळत असतो, हात बरबटलेले असतात आणि कागद मात्र संपतो.

माझा संपला. घरातले पेपर संपले. मी कोपरानं दादाचं कपाट उघडलं आणि वह्या काढल्या. त्यानंच मागे म्हटलं होतं, दे टाकून ती रद्दी. त्यामुळे मी तसा निर्दोष आहे.

तसा. कारण तपकिरी वही हातात आली तेव्हा ती उघडली होती मी. बाबांचं चित्र दिसलं होतं. आकडे दिसले होते, बाबांचा तो पाय मोडलेला चार. एक क्षण थांबलो. मग डोक्यात आलं, की जिला ही वही सांभाळायची होती ती आई निघून गेली, आणि ज्याच्या कपाटात होती तो दादाही गेला. आणि फाडली. टर्र, टर्र, टर्र. आडव्या पट्ट्या, दोन बोटं रुंद. छान चिकटल्या.

तर आता दादा येणार होता सात दिवसांनी.

सोमवारी दुकानातून बारीक चिमटा घेऊन आलो. मालक म्हणाले, "कशाला रे?"

"डोंगर उकरायचाय."

"चिमट्यानं? मग पेन्शनपर्यंत रजा टाक."

पीओपी ब्लेडनं सुटला, पापुद्र्यासारखा. झाडं उपटली, डबीत ठेवली. खालचे कागद कोमट पाण्यानं भिजवले, कपडा ठेवून, आणि वाट बघितली. मग एकेक पट्टी कडेनं उचलायची. घाई केली की फाटते. वर आधी दादाच्या वह्यांच्याच पट्ट्या, एकावर एक. त्याचं सगळं कॉलेज शाईच्या पेननं लिहिलेलं. पाणी लागलं आणि निळं निळं होऊन वाहून गेलं. मला घाम फुटला.

मग बाबांची पहिली पट्टी निघाली.

बाबा पेन वापरायचे नाहीत. कानामागची जाड पेन्सिल, बस. आणि पेन्सिलला पाणी काही करत नाही. रेघ जशीच्या तशी, आकडा जसाच्या तसा. मी ती पट्टी टॉवेलवर ठेवली आणि जरा वेळ तिथेच फरशीवर बसलो.

शनिवारपर्यंत दहा पट्ट्या निघाल्या. वाळवल्या, जेवायच्या टेबलावर जुळवल्या. पाळणा जवळजवळ पूर्ण दिसायला लागला. चारही बाजू, कठडे, दांड्या. एक पट्टी नव्हती. पायांची. पायांच्या जागी नुसतं टेबल.

ती कुठे आहे ते मला कळलं होतं. बोगदा मी सगळ्यात शेवटी केला होता, पेपर संपल्यावर, म्हणून तिथला पहिला थरच वहीचा होता. बोगद्याच्या तोंडातून टॉर्च मारला की आत, वळणावर, जाळीतून तिची कड दिसायची. कागदातून उमटलेली अर्धी रेघसुद्धा. पण लिहिलेली बाजू वर होती, आणि वर पीओपीचा सगळ्यात जाड थर, बोगद्याची कमान त्याच्यावरच उभी. ती काढायची म्हणजे बोगदा गेला.

रविवारी दादा आला. साडेअकराला. पिशवीत आईनं दिलेलं काय काय. दारातच म्हणाला, "वाळलायस की रे."

"तू सुटलायस."

"तुझी वहिनी दोन जिवांची आहे, तर मीही दोघांचं खातो."

मग त्यानं टेबल बघितलं.

मी सगळं सांगितलं. वही उघडली होती आणि बघून फाडली, हे पण सांगितलं. का, ते नाही सांगितलं. त्यानंही विचारलं नाही. तो त्या पट्ट्यांवर वाकून उभा राहिला, हात मागे बांधून. म्युझियममध्ये उभं राहतात तसा.

"भुश्या, जगात दुसरा कागद नव्हता?"

"संपला होता."

"संपला होता," तो म्हणाला. मग हसायला लागला. हसताना डोळे पुसले. हसून पुसले की कशानं, मी बघितलं नाही. "आणि पाय?"

"बोगद्यात आहेत."

आम्ही आतल्या खोलीत गेलो. त्यानं स्वतःच्या पलंगावरचं स्टेशन बघितलं. अर्धा सोललेला डोंगर बघितला. वाकून बोगद्यात टॉर्च मारला. मी हॅक्सॉची पात पुढे केली.

"मोड," म्हटलं.

त्यानं पात घेतली. कमानीवर टेकवली. मग परत दिली. "आज नको. सावकाश काढ. मला अजून लाकूडच मिळालं नाहीये. निघालं की फोनवर सांग. आधी गाडी चालव, बघू तरी."

मी चालवली. इंजिन आणि तीन डबे. बोगद्यात शिरली, आवाज बारीक झाला, बाहेर आली. दादा तीन फेऱ्या बघत उभा राहिला. मग म्हणाला, "माणसं नाहीत स्टेशनवर."

"बारीक असतात फार."

"हं."

दहा पट्ट्यांचे फोटो काढले, पट्ट्या एका फायलीत घातल्या आणि चारच्या बसनं गेला. मला वाटलं होतं राहील. पलंगावर गाडी होती, मान्य. पण मी माझी गादी काढून ठेवली होती.

पुढच्या रविवारी अकरा वाजता फोन. "निघाली का?"

आता, बोगदा मोडायला दहा मिनिटं लागली असती. पट्टी भिजून सुटायला तासभर. एवढंच काम होतं.

"नाही अजून," म्हटलं. "भिजत घातलीय."

"बरं. घाई करू नको, फाटेल." मग बोलत बसला. वहिनीला वास सहन होत नाहीत. आई शेजारणीशी भांडली, पार्किंगवरून, आणि आईकडे गाडीच नाही. पंचवीस मिनिटं बोलला. याआधी दादाचा फोन दोन महिन्यांतून एकदा यायचा, तोही चार मिनिटांचा.

त्याच्या पुढच्या रविवारी, अकरा. "निघाली?"

"कडा सुटल्यात."

त्याच्या पुढच्या. "गोंद फार जुना आहे रे." त्याच्या पुढच्या. "ब्लेड तुटलं." सहा रविवार मी खोटं बोललो. पात तिथेच शेजारी पडलेली. साडेदहालाच चहा करून फोनजवळ बसायचो. गाडी चालू ठेवायचो, म्हणजे मागून आवाज जाईल आणि वाटेल की काम सुरू आहे.

सातव्या आठवड्यात, बुधवारी, आईचा फोन आला. दुकानात होतो.

"अरे, ती पट्टी निघत नाहीये का?"

"बघतोय."

"नाही, घाई नाही रे. पण लाकूड येऊन पडलंय बाल्कनीत. बाकी सगळा पाळणा केला त्यानं, पाय तेवढे राहिलेत. रोज ऑफिसातून आला की त्या लाकडाशी बसतो, मोजतो आणि ठेवून देतो. मी म्हटलं, अंदाजानं कर. पाळणाच आहे, विमान नाही. तर म्हणतो, बाबांचंच माप हवं, भुश्या काढतोय, त्याचा हात हलका आहे, तो बरोबर काढेल. तू जेवतोस ना वेळेवर?"

हो म्हटलं. हातातली काच घासायच्या चाकावर जास्त वेळ राहिली. वाया गेली. मालकांनी बघितलं आणि दुसरी काच पुढे सरकवली.

घरी आलो. बूट पण काढले नाहीत. पात कमानीला लावली आणि बोगदा मोडला.

दहा नाही, सहाच मिनिटं लागली. पीओपीची ढेकळं रुळांवर पडली. मग कोमट पाणी, कपडा, आणि बसून राहिलो. पट्टी अलगद निघाली. एवढी अलगद, की लाज वाटली.

बाबांची जाड पेन्सिल. पाय, एकवीस इंच दोन सूत. खाली अजून एक ओळ, नंतर कधीतरी लिहिलेली, तिरकी: *धाकटा लाथा मारतो, पाळणा डुलतो. पाय पसरट करणे.*

म्हणजे पाळणा मोठ्यासाठी केला आणि माझ्यासाठी दुरुस्त केला. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं असेल दुसऱ्यानं सांगितलं.

फोटो काढून दादाला पाठवला. लगेच उत्तर आलं. आधी हसून लोळणारी तीन तोंडं. मग, "तूच तो!" मग अंगठा. झालं.

रविवार आला. साडेदहाला चहा केला. अकरा वाजले. सव्वाअकरा. गाडी चालवता येत नव्हती, रुळांवर अजून ढेकळं होती. बारा वाजता ती उचलली, ब्रशनं खडी साफ केली. उघडी जाळी दिसत होती. डोंगराच्या जागी पिंजरा.

एकला मीच फोन लावला. चार रिंगा. मागून करवतीचा आवाज येत होता, मग थांबला.

"बोल रे. आता काय मोडलंस?"

"बोगदा."

"माहितेय. पाय बसवतोय आत्ता, पसरट." तो धापा टाकत होता. "बोल, काय?"

माझ्याकडे विचारायला काहीच नव्हतं. सहा रविवार त्याच्याकडे प्रश्न होता, आता तो सुटला होता. मी जाळीकडे बघितलं.

"डोंगर परत करायचाय," म्हटलं. "कागद लागेल."

"मग?"

"मग काही नाही. कागद लागेल."

"घरात पेपर येतो ना?"

"येतो."

करवत परत सुरू झाली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग आईनं मागून विचारलं, कोण आहे, आणि तो म्हणाला, भुश्या आहे, कागद मागतोय. आई म्हणाली, कसला कागद? तो म्हणाला, माहीत नाही, रद्दी. मग मला म्हणाला, "इकडे खूप साठलीय. आणतो."

"पाठव नुसती."

"आणतो म्हटलं ना. तो पलंग रिकामा कर पण. फरशीवर पाठ दुखते माझी."

कधी, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही.

फळी भिंतीला उभी करायची म्हटली तर झाडं पडतील. मी डबी आणली आणि एकेक झाड उपटायला बसलो.