जावाच्या डोंगरावरची फजर

"मग सूर्य बघितलात की नाय?" गुणाजीने चहाचा कप खाली ठेवत विचारलं. हुसेनमियाँनी बायकोकडे पाहिलं. रुकय्या जमिनीकडे पाहत होती.

"बघितला ना," हुसेनमियाँ म्हणाले. "मोठा होता."

गुणाजी राजापूरचा. जेद्दाच्या ज्या एसी कंपनीत हुसेनमियाँ स्टोअरकीपर, तिथेच तो इलेक्ट्रिशियन. माणूस जावा बेटावर जातो, पहाटे थेट ज्वालामुखीच्या डोक्यावर चढतो आणि परत येऊन 'मोठा होता' एवढंच सांगतो, तर मग आपली गच्ची काय वाईट होती, असं त्याने ऐकवलं. जाता जाता मात्र तो मुद्द्यावर आला. साहेब विचारत होते, हुसेनमियाँ आणखी दोन वर्षं थांबणार की कायमचे गावी जाणार? उद्या सांगायचंय.

गुणाजी गेला. हुसेनमियाँ कधी फारसं खोटं बोलले नव्हते, त्यामुळे ते त्यांना पचतही नव्हतं.

हुसेनमियाँ ऐन जवानीत जेद्दाला आले आणि इथेच पिकले. रुकय्या रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर, गावात राहिली. दोन वर्षांतून एकदा महिनाभर नवरा, बाकी सारा काळ सासू, मुलगा आणि आंब्याची चार कलमं. आता तो मुलगा, शारीक, रियाधला बँकेत चिकटला होता. त्याने आईला व्हिजिट व्हिसावर आणलं आणि लॅपटॉपवर फोटो दाखवून विचारलं, अम्मी, कुठं फिरायला जायचं? रुकय्याने बोट ठेवलं ते ज्वालामुखीवरच्या सूर्योदयावर. घरासमोर समुद्र, म्हणजे तिने जन्मभर मावळतीच पाहिलेली. घरामागे डोंगर. सूर्य त्याच्यावर येईपर्यंत तिची अर्धी कामं उरकलेली असायची. तो उगवताना बघायचा होता, आणि शेजारी नवरा हवा होता. संसारात तिने मागितलेलं हे पहिलंच. हुसेनमियाँना त्या वेळी भरून आलं होतं.

दोघं ज्वालामुखीच्या माथ्यावर पोचली तेव्हा कडाक्याची थंडी होती आणि गंधकाचा वास येत होता. एका बाजूला आभाळ तांबडं होऊ लागलं होतं. सगळे पाहुणे कॅमेरे सरसावून त्याच बाजूला गर्दी करून उभे होते. सूर्य यायच्या आत फजर, पहाटेची नमाज, पढून घेऊ, असं दोघांनी ठरवलं. रुकय्याने जरा बाजूला जाऊन चादर अंथरली, ती अंधाराच्या दिशेला तोंड करून.

हुसेनमियाँना हसू आलं. जेद्दात आल्या दिवशीही तिने हाच घोळ घातला होता. नमाजाला तोंड मक्केकडे हवं. गावी मक्का समुद्रापलीकडे, मावळतीला. जेद्दात ती उगवतीला. फजरला उभं राहिलं की समोरच्या खिडकीत उजाडतं, हे हुसेनमियाँच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"अगो, परत उलटी टाकलीस," ते म्हणाले. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि चादर फिरवली.

नमाज संपवून त्यांनी सलाम फिरवला तर समोर एक चहावाली म्हातारी उभी. "किब्लत, किब्लत," म्हणत, म्हणजे मक्केची दिशा सांगत, ती त्यांच्या पाठीमागे हात दाखवत होती. हुसेनमियाँनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सौदी. जेद्दा. मक्का पास में." म्हणजे बाई, तू कोणाला शिकवतेस? म्हातारीने अदबीने मान डोलावली आणि पुन्हा पाठीमागेच हात केला. मग हुसेनमियाँच्या डोक्यात प्रकाश पडला. विमान जेद्दाहून निघून तासन्‌तास उगवतीकडे उडालं होतं. मक्का केव्हाच मागे राहिली होती.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नमाज पुन्हा पढायला हवी होती, आणि सूर्य वर आला की वेळ गेली. त्यांनी रुकय्याकडे पाहिलं. ती चादर फिरवत होती. सूर्याकडे पाठ करून दोघं उभी राहिली, ते पुढे, ती मागे. दुसऱ्या सजद्यातून डोकं वर काढलं तेव्हा पाठीमागे एकच गलका झाला, टाळ्या पडल्या, कॅमेरे कटकटले. समोरच्या खडकांवर हुसेनमियाँची सावली लांबच लांब पडली आणि मागून रुकय्याची सावली येऊन तिला लागली. सलाम फिरवून वळले तेव्हा सूर्य चांगला वर आलेला, आणि त्याच्यावरून ढग चालले होते.

"तुला ठाऊक होतं," आता जेद्दाच्या खोलीत हुसेनमियाँ म्हणाले. "मग बोलली का नायस?"

"नक्की कुठं ठाऊक होतं? गावची सवय. तुम्ही मक्केजवळ र्‍हानारे, तुमाला मी काय सांगू?"

उद्या साहेबांना काय सांगायचं ते हुसेनमियाँना कळत नव्हतं. घरी जायचं, एवढं एकच तर इतकी वर्षं मनात धरलं होतं, आणि आता ते समोर आल्यावर धडकी भरली होती. मागच्या सुट्टीत त्यांनी मशिदीच्या दारात एकाला त्याच्या बापाची खुशाली विचारली होती. बाप चार वर्षांपूर्वीच गेलेला. लोक हसले नाहीत, तेच जास्त लागलं. गावचे असून पाहुणे झाले होते ते.

"रुकय्या, मना भीती वाटते," ते म्हणाले. "तिथं पन मी असाच उलट्या तोंडान उभा र्‍हाईन. सगल्यांच्या समोर."

"मग मी सांगेन," ती म्हणाली. "हिकडं गप बसली. तिकडं नाय बसनार."

ती भांडी उचलायला लागली. हुसेनमियाँनी तिला थांबवलं, समोर बसवलं.

"बरं, मग सांग. बंदरावर उतरलो. मोहल्ल्यात जायला वर चढलो, आणि पिंपळाकडून डावीकडं—"

"पिंपळ नाय आता. तिथं मोबाइलचा टॉवर हाय."

"कधी पडला?"

"लय दिवस झाले."

हुसेनमियाँनी मान हलवली. मग त्यांनी पुन्हा बंदरापासून सुरुवात केली.